सतरंजी घेऊन या



योगवर्ग म्हटला, की पुष्कळजण बिचकतात.
'आमचं अंग आता वळत नाही हो,' असं म्हणतात.
पण वळणारं अंग लागतच नाही.
लागते एक सतरंजी.

नागपूरच्या रामनगरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे.
स्वामींनी ते १९५१ साली सुरू केलं.
स्वामी मूळचे कोकणातले, पण रमले विदर्भात.
त्यांनी योग शिकवला, तो विनामूल्य.
घरच्या लोकांना जमेल, असा.

आपल्या वाशीम जिल्ह्यातही असा वर्ग गल्लीत भरू शकतो.
देवळाचा सभामंडप पुरतो.
शाळेचा व्हरांडाही चालतो.

सोयाबीन सोंगून कंबर धरली आहे?
मग आधी शिकवणाऱ्यांना सांगा.
वाकायची घाई करू नका.
गुडघे दुखतात?
वज्रासन राहू द्या.
खुर्चीवर बसा, हात वर घ्या, श्वास सावकाश सोडा.
तोल जातो?
ताडासन भिंतीशी करा.
रक्तदाब असेल, तर शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नका.

पतंजलींनीही आसन स्थिर आणि सुखाचं असावं, एवढंच मागितलं.
शेजाऱ्याइतकं वाका, असं ते कुठंही म्हणत नाहीत!

तेव्हा पुन्हा सांगते, वळणारं अंग लागत नाही.
सतरंजी आणा.
पोट रिकामं ठेवा.
चहा नंतर घेऊ.