राळेची धूळ आणि कामगाराचा जाणण्याचा हक्क

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

‘टीकेची राळ उडविणे’ हा वाक्प्रयोग आपण राजकारणातली मंडळी सर्रास वापरतो. तो कोठून आला याचा विचार मात्र क्वचितच करतो. दशावतारात राक्षसाचा प्रवेश होताना मशालीवर राळेची पूड फेकतात आणि क्षणार्धात ज्वाळेचा लोळ उठतो. राळेचा खडा मशालीवर धरला तर तो संथपणे वितळतो, धुरकटपणे जळतो. तिचीच पूड हवेत उधळली की भडका होतो. आज ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे त्याचे अर्धेअधिक शास्त्र एवढ्यात आले. फरक इतकाच की, रंगमंचावरची राळ झाडाच्या चिकापासून होते आणि तिचा भडका योजलेला असतो. आजच्या कारखान्यातील राळ खनिज तेलापासून होते आणि तिचा भडका कोणी योजलेला नसतो.

नाफ्था तापवून, फोडून त्यातून इथिलीन काढताना जे उपपदार्थ उरतात, त्यांतील पाच कार्बनी आणि नऊ कार्बनी द्रव्ये एकत्र गुंफून ही हायड्रोकार्बन राळ तयार करतात. बाजारात तिला सी-फाइव्ह आणि सी-नाइन रेझिन म्हणतात. पिवळसर पापुद्रे किंवा गोळ्या यांच्या रूपात ती गोणीतून येते. टायरच्या रबराला चिकटपणा आणणे, चिकटपट्ट्या, पादत्राणांचे व पुस्तकबांधणीचे गोंद, छपाईची शाई, रंग अशा अनेक ठिकाणी ती लागते. रस्त्यांवरील जे पांढरे पट्टे आपण रोज ओलांडतो, त्यांतही बहुधा हीच राळ खडूची भुकटी आणि काचेचे बारीक मणी यांना धरून ठेवते.

आता प्रथम एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ही राळ म्हणजे काही जहाल विष नव्हे. थंड, घट्ट, गोणीत बंद असलेली राळ गरीब असते. आपण अतिशयोक्ती केली तर पहिल्याच वाटाघाटीत मालकाचा रसायनतज्ज्ञ आपल्याला खोटे पाडील आणि खरा मुद्दा बाजूला राहील. खरा मुद्दा असा की, राळ गरीब असली तरी तिची संगत घातक आहे. उष्णता, हवा, द्रावके आणि बंदिस्त जागा ही ती संगत होय. गोणीवरील ‘धोकादायक नाही’ हे शब्द गोणीपुरते खरे असतात. कामाबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

पहिली संगत हवेची. गोण्या ओतताना, पापुद्रे चाळताना बारीक धूळ उठते आणि तुळयांवर, दिव्यांवर, नळांच्या पाठीवर बसते. उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात राळ मऊ होऊन तिचे गठ्ठे बनतात. मग ते घणाने फोडतात आणि धूळ आणखी वाढते. एखादी लहानशी ठिणगी छोटा स्फोट घडविते. त्या हादऱ्याने वर साचलेली सारी धूळ खाली येते आणि दुसरा स्फोट सारी इमारत उडवितो. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या मानकाने घालून दिलेली खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे: इंचाचा बत्तिसावा भाग, म्हणजे सुमारे ०.८ मिलिमीटर जाडीचा थर जमिनीच्या क्षेत्रफळाच्या पाच टक्क्यांहून अधिक भागावर साचला, तर ती जागा धोक्याची समजावी.

ही पुस्तकी भीती नव्हे. २९ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात किन्स्टन येथे औषधोपयोगी रबरी वस्तूंच्या कारखान्यात पॉलिथिलीनच्या धुळीचा स्फोट होऊन सहा कामगार मरण पावले. कामाची जागा स्वच्छ दिसत होती. धूळ साचली होती ती छताखालच्या खोट्या छतावर. त्यानंतर महिन्याच्या आतच, २० फेब्रुवारी २००३ रोजी, केंटकी राज्यातील कॉर्बिन येथे फिनॉलिक राळेच्या धुळीने सात जणांचा बळी घेतला. तापमान आटोक्यात राहत नाही म्हणून भट्टीची दारे उघडी ठेवून काम चालू होते, आणि जवळच साफसफाईमुळे धुळीचा ढग उठला होता. हे पदार्थ आपल्या राळेचे सख्खे नसले तरी चुलत भाऊ आहेत. कॉर्बिनच्या चौकशीत निघालेली सर्वांत बोलकी गोष्ट अशी की, ही धूळ स्फोट करू शकते याची जाणीव व्यवस्थापनाला आधीपासून होती. ती कामगारांपर्यंत पोचविली गेली नव्हती. ज्ञान कार्यालयात आणि धूळ खात्यात, अशी ही वाटणी होती!

दुसरी संगत द्रावकांची. गोंद किंवा रंग करताना राळ टोल्युइन, हेक्सेन अशा द्रावकात विरघळवितात. टोल्युइनची वाफ हवेत एक टक्क्याच्या किंचित वर गेली की पेट घेऊ शकते, आणि ते चार अंश सेल्सियसलाही पेट घेण्याजोगी वाफ सोडते. म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. अशा टाकीच्या उघड्या तोंडातून प्लॅस्टिकच्या गोणीतील कोरडी राळ सरसर ओतली की घर्षणाने स्थिर विद्युत साचते. रिकामी गोणी झटकताना उडणारी ठिणगी हाताला जाणवणारही नाही. वाफेला ती पुरेशी असते. उपाय कठीण नाहीत. राळ आधी आणि द्रावक नंतर, तेही बंद नळीने, घालावे. टाकीत नायट्रोजन भरावा. टाकी, पिंप आणि माणूस या तिघांनाही अर्थिंग असावे.

जी वाफ पेटत नाही ती शरीरात जाते. इस्तंबूलमध्ये पादत्राणांच्या कामगारांनी बेन्झीनयुक्त गोंद वापरला, तेव्हा डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७४ साली अशा २६ कामगारांमधील रक्ताच्या कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली. १९६० च्या दशकात जपानमध्ये घरोघरी सँडल चिकटविणाऱ्या श्रमिकांचे हातपाय हेक्सेनमुळे लुळे पडू लागले. घरी काम करणाऱ्याचे सारे घरच कारखाना होते आणि धोक्याचा वाटा मुलाबाळांनाही मिळतो.

तिसरी संगत उष्णतेची. रस्त्यावर पट्टे मारणारी टोळी आपण पाहिली असेल. हातगाडीवजा यंत्रात १८० ते २०० अंशांपर्यंत तापविलेले मिश्रण ती डांबरावर ओतते. असा रस अंगावर उडाला तर कातडीला चिकटून राहतो आणि जाळीत राहतो. त्यावर भरपूर गार पाणी वीसएक मिनिटे धरावे. चिकटलेली राळ ओरबाडून काढू नये, कारण तिच्याबरोबर कातडीही येते. उलट, वितळलेल्या राळेच्या पातेल्यात पाणी कधीही पडू देऊ नये. पाण्याची वाफ होताना ते सुमारे सतराशेपट फुगते आणि सारा रस उसळून बाहेर येतो. पावसाळ्यात भिजलेली गोणी तशीच ओतणे हे याच अपघाताला आमंत्रण आहे.

चौथी संगत बंदिस्त जागेची. टाकी धुण्यासाठी एक माणूस आत उतरतो, तळाशी साचलेल्या वाफेने बेशुद्ध पडतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो आणि तोही जातो. हवेची तपासणी, बाहेर उभा असलेला जोडीदार आणि कमरेचा दोर यांवाचून कोणालाही टाकीत उतरविणे हा अपघात नव्हे, गुन्हा समजला पाहिजे.

साथींनो, या प्रत्येक वेळी मालकवर्गाचे उत्तर ठरलेले असते: कामगार निष्काळजी आहे, तो मास्क लावीत नाही. छत्तीस-अडतीस अंशांच्या उन्हाळ्यात बारा तास मास्क लावून गोण्या उचलून पाहाव्यात, म्हणजे ‘निष्काळजीपणा’चा अर्थ कळेल. मास्क ही शेवटची पायरी आहे. आधी बिनधुळीच्या गोळ्या, बंद यंत्रणा, धूळ ओढून घेणारी योजना आणि कमी घातक द्रावक. ते सारे केल्यावर मास्क. पहिल्या पायऱ्यांना मालकाचा पैसा लागतो, शेवटचीला कामगाराचा दम. म्हणून उपदेश नेहमी शेवटच्या पायरीवरूनच सुरू होतो.

पण आपल्या चळवळीलाही आरसा पाहावा लागेल. धुळीच्या खात्यासाठी गूळ, दूध आणि धोका भत्ता मागण्यात अनेक संघटनांनी धन्यता मानली. गुळाने फुप्फुस धुतले जात नाही. भत्ता घेणे म्हणजे आरोग्याचा सौदा करून पावती फाडणे होय. एकदा भत्ता लागू झाला की तो टिकविण्यासाठी धोकाही टिकवावा लागतो.

कायद्याने काही दिले नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात स्फोटक धुळीविषयी कलम ३७ होते. १९८४ च्या भोपाळच्या हत्याकांडानंतर, १९८७ साली, धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना देण्याचे बंधन, सुरक्षा समितीत कामगारांचा सहभाग आणि आसन्न संकटाची सूचना देण्याचा कामगाराचा हक्क त्यात आला. १९९५ साली अॅस्बेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर गेली. सुरक्षा समिती नेमावयाची की नाही हे सरकारी आदेशावर सोपविले गेले. गोंद आणि राळ यांचे काम मुख्यतः चालते ते लहान गाळ्यांत आणि ठेकेदाराच्या टोळ्यांत. म्हणजे जेथे धोका दाट, तेथेच कायदा विरळ! तथापि त्याच संहितेत एक दार उघडे आहे. केंद्र सरकारने धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या कामाला आस्थापनेसाठीची दहा कामगारांची अट लागू होत नाही. ज्वालाग्राही द्रावकात राळ विरघळविण्याचे आणि ती वितळविण्याचे काम या अधिसूचनेत यावे, ही आपली नेमकी मागणी असली पाहिजे.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. आपापल्या विभागात परतल्यावर प्रत्येक कार्यकर्त्याने एका गाळ्यात किंवा एका टोळीत जाऊन पाच प्रश्न विचारावेत. येथे वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांचे सुरक्षा माहितीपत्रक मराठीत आणि हिंदीत लावले आहे काय? तुळईवर बोट फिरविले तर किती धूळ निघते, आणि ती हवेच्या झोताने उडवितात की ओढून घेतात? टाकीला आणि पिंपाला अर्थिंग आहे काय? टाकीत उतरण्यापूर्वी हवा कोण तपासतो? आणि भाजल्यावर धरावयाचे पाणी किती पावलांवर आहे?

उत्तरे लिहून आणा. त्यांवर त्या कामगारांची नावे नकोत, नाहीतर उद्या त्यांची नोकरी जाईल. तारीख आणि जागा मात्र हवी. अशी पन्नास कागदे एकत्र झाली की कारखाना निरीक्षकापुढे आणि कामगार खात्यापुढे ठेवावयास आपल्याकडे घोषणा नव्हे, पुरावा असेल. आणि ज्या कामगाराने ते प्रश्न एकदा ऐकले, तो पुढच्या वेळी गोणी फोडण्यापूर्वी ते स्वतःच विचारील. संघटनेची सुरुवात तेथूनच होते.