सरपण आधी वाळवा, मग वाहा

करकंबच्या शिवारात बाभळीची लाकडं, तुरीच्या तुराट्या, द्राक्षछाटणीच्या काड्या असं सरपण जागेवरच मिळतं; पैसा जातो तो वाहतुकीत. ओल्या लाकडाच्या वजनात तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत पाणी असतं, म्हणजे तोडल्या तोडल्या गाडी भरणारा पाण्याचंही भाडं भरतो. बांधावरच फोडून उन्हाळाभर वाळवलं आणि शेणखत टाकून रिकाम्या परतणाऱ्या ट्रॉलीतून आणलं, तर वेगळी खेप लागत नाही. चोरीची भीती खोटी नाही. मग वस्तीजवळचा बांध निवडावा.

‘इथे पाऊस तो केवढा, झाकायचं कशाला?’ असंही कुणी म्हणेल. पण सप्टेंबरातल्या दोन जोरदार सरी रास भिजवायला पुरतात, आणि वाळवीला तर जमिनीची ओलही चालते. म्हणून दगडांवर आडवी लाकडं टाकून वीतभर उंचीवर रचावं, वर जुना पत्रा ठेवावा, बाजू मात्र उघड्याच. ताडपत्रीत गच्च गुंडाळलं की बुरशी धरते. रास भिंतीला टेकवू नये. विंचू-साप आसरा धरतात. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचा गॅस आला, हे खरं; तरी अंघोळीचं पाणी अनेक घरांत अजून चुलीवरच तापतं, आणि तिथे वाळलेलं लाकूड कमी लागतं, धूरही कमी करतं.