दोनशे डॉलर आणि आठ वर्षे
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



परप्रांतात एखादी मराठी शाळा ६० वर्षे चालते, ही सोपी गोष्ट नाही. ज्यांनी वर्गण्या गोळा केल्या, पदरमोड केली, दारोदार फिरून मुले जमवली, त्यांना प्रथम वंदन करतो. याच शाळेच्या मागच्या मातीच्या मैदानावर मी बास्केटबॉल शिकलो आणि पुढे आयुष्यभर क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली. तेव्हा आज खेळावर बोला, असे बाईंनी सांगितले, ते स्वाभाविकच होते. मात्र मी आज विजयाची गोष्ट सांगणार नाही. एका असामान्य खेळाडूच्या नावाला लागलेल्या डागाची, आणि तो डाग पुसायला किती काळ लागला त्याची गोष्ट सांगणार आहे. ती अमेरिकेतली आहे. पण शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकावी, असे मला वाटते.

त्या खेळाडूचे नाव कॉनी हॉकिन्स. जन्म १९४२ सालचा, न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातल्या एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबातला. उंची सहा फूट आठ इंच, पंजा एवढा मोठा की चेंडू एका हातात लिंबासारखा धरावा. त्याच्या बॉईज हायस्कूलच्या संघाने १९५९ आणि १९६० अशी सलग दोन वर्षे एकही सामना न हरता शहरातील सरकारी शाळांचे अजिंक्यपद मिळवले. हवेत झेपावून, तिथल्या तिथे विचार बदलून चेंडू बास्केटमध्ये टाकण्याची जी शैली पुढे ज्यूलियस अर्व्हिंगसारख्या खेळाडूंमुळे जगाला ठाऊक झाली, ती हा मुलगा ब्रुकलिनच्या आणि हार्लेमच्या डांबरी मैदानांवर आधीच खेळत होता. देशभरच्या महाविद्यालयांनी त्याला बोलावणी धाडली. त्याने आयोवा विद्यापीठ निवडले आणि १९६० च्या शरद ऋतूत तो तिथे दाखल झाला.

आता थोडे त्या काळच्या एका रोगाविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन सामन्यांवर मोठा सट्टा चाले. बुकी नुसते कोण जिंकेल यावर पैसे लावत नसत, किती गुणांनी जिंकेल यावर लावत. समजा, अमुक संघ दहा गुणांनी जिंकेल असा भाव फुटला. मग त्या संघातील एखाद्या खेळाडूला गुपचूप पैसे देऊन सांगायचे, ‘सामना जिंका, पण सहाच गुणांनी जिंका.’ दोन फेकी मुद्दाम चुकवल्या, एक चेंडू हातून सोडला, की काम झाले. संघ जिंकतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि सट्टेबाज मालामाल होतो. या पद्धतीतील खरे विष असे की अप्रामाणिक व्हायला हरावे लागत नाही. म्हणूनच एकदा संशय शिरला की प्रामाणिक खेळाडूची चुकलेली प्रत्येक फेकही संशयास्पद दिसू लागते. २००० साली दिल्ली पोलिसांनी क्रिकेटमधले निकालनिश्चितीचे प्रकरण उघड केले, त्यानंतर आपणही प्रत्येक झेल सुटल्यावर एकमेकांकडे कसे पाहत होतो, ते आठवा.

१९५१ साली अशा एका मोठ्या प्रकरणाने अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल हादरला होता. दहा वर्षांनी, १९६१ मध्ये, दुसरे प्रकरण फुटले. त्याच्या केंद्रस्थानी जॅक मोलिनास नावाचा गृहस्थ होता. तो स्वतः एके काळचा उत्तम खेळाडू. आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावल्याबद्दल एनबीए या व्यावसायिक संघटनेने त्याला १९५४ मध्ये हाकलले होते. पुढे तो वकील झाला, आणि तरुण खेळाडूंशी गोड बोलून, त्यांना जेवू घालून, लहानसहान मदत करून हेरत राहिला. कॉनीही त्याच्या ओळखीचा होता. महाविद्यालयातील पहिल्या वर्षी नाताळच्या सुमारास खर्चासाठी पैसे कमी पडले, तेव्हा कॉनीने त्याच्याकडून २०० डॉलर उसने घेतले. प्रकरण बाहेर येण्यापूर्वीच कॉनीच्या भावाने ते परत केले होते.

गुन्हा म्हणावा तर एवढाच. शिवाय त्या काळच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळताच येत नसे. ज्याने एकही अधिकृत सामना खेळलेला नाही, तो सामन्याचे गुण कमी कसे करणार? हा साधा प्रश्न कोणीही विचारू शकला असता. पण न्यूयॉर्कच्या तपास अधिकाऱ्यांनी त्याला बोलावून घेतले. अठरा वर्षांच्या त्या मुलाची चौकशी झाली तेव्हा शेजारी वकील नव्हता. त्याच्यावर आरोपपत्र दाखल झाले नाही, त्याला अटकही झाली नाही. परंतु त्याचे नाव वर्तमानपत्रांत आले. विद्यापीठाने त्याला काढून टाकले. दुसऱ्या कोणत्याही महाविद्यालयाने दार उघडले नाही. आणि त्याच्याशी करार झाला तरी आपण तो मंजूर करणार नाही, अशी एनबीएच्या प्रमुखांची भूमिका राहिली. न्यायालयाने त्याला शिक्षा केली नव्हती, कारण खटलाच नव्हता. आणि खटलाच नसल्यामुळे निर्दोष सुटण्याची वाटही नव्हती.

मित्रहो, येथे एका गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधतो. कॉनी त्या चौकशीत इतका हतबल का झाला? त्याच्या हाती शाळेचे प्रमाणपत्र होते. पण त्याचे वाचन यथातथाच होते. चेंडू उत्तम फेकणाऱ्या मुलाला वाचता येते की नाही, याची चिंता कोणाला करावीशी वाटली नव्हती. सामने जिंकून देणाऱ्या मुलाला वरच्या वर्गात ढकलणे सोपे असते. मीही क्रीडाशिक्षक होतो, तो मोह मला चांगला ठाऊक आहे. पण ज्या दिवशी समोर मोठी माणसे बसतात आणि पुढे कागद सरकवतात, त्या दिवशी उंच उडी कामाला येत नाही. त्या दिवशी कागदावर काय लिहिले आहे ते समजावे लागते आणि ‘हे मी केलेले नाही’ एवढे चार शब्द स्पष्ट उच्चारावे लागतात. मुलाला आपल्या भाषेत विचार करायला आणि न घाबरता बोलायला शिकवणे, हे शाळेचे पहिले काम आहे. आपल्या शाळेने ते केले, म्हणून मी तिचा ऋणी आहे.

पुढची कहाणी आकड्यांनीच सांगतो. १९६१-६२ मध्ये अमेरिकन बास्केटबॉल लीग नावाच्या एका नव्या, दुबळ्या संघटनेत पिट्सबर्गच्या संघाने त्याला घेतले. एकोणिसाव्या वर्षी तो तिथला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. ती संघटना १९६२ च्या अखेरीस बंद पडली. मग चार वर्षे तो हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनीय सामने करणाऱ्या प्रसिद्ध संघाबरोबर गावोगाव हिंडला. खेळ होता, कसरती होत्या, प्रेक्षकांचा हशा होता. पण स्पर्धा नव्हती. ज्या वयात खेळाडूचे शरीर त्याच्या बुद्धीचे सगळे ऐकते, ती वर्षे अशी गेली. १९६७-६८ मध्ये एबीए ही दुसरी नवी संघटना सुरू झाली, तेव्हा तो पुन्हा पिट्सबर्गकडून खेळला, त्या संघाने पहिलेच अजिंक्यपद मिळवले आणि कॉनी पुन्हा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. पुढच्या मोसमात त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली.

दरम्यान पिट्सबर्गच्या रोझलिन आणि डेव्हिड लिटमन या वकील दांपत्याने त्याची बाजू घेतली होती. खेळाडूला रोजीरोटीपासून बेकायदा वंचित ठेवल्याबद्दल त्यांनी एनबीएविरुद्ध दावा लावला. १९६९ मध्ये डेव्हिड वुल्फ या पत्रकाराने ‘लाइफ’ साप्ताहिकात, कॉनीविरुद्धच्या पुराव्यात काहीच दम नाही, हे सविस्तर दाखवून दिले. त्याच वर्षी एनबीएने समझोता केला. सुमारे १३ लाख डॉलरची भरपाई ठरली आणि फिनिक्स सन्स या संघात त्याला जागा मिळाली. एकोणिसाव्या वर्षी बंद झालेले दार सत्ताविसाव्या वर्षी उघडले.

आदल्या मोसमात ८२ पैकी अवघे १६ सामने जिंकलेला तो संघ कॉनी आल्यावर ३९ सामने जिंकला. त्याने सामन्यामागे सरासरी २४.६ गुण केले आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम पाच खेळाडूंत त्याची निवड झाली. त्या वेळच्या बलाढ्य लॉस एंजलिस लेकर्सशी बाद फेरीची मालिका त्याच्या संघाने सातव्या सामन्यापर्यंत नेली. पण गुडघे थकत चालले होते. सात मोसमांनंतर, १९७६ मध्ये, त्याची कारकीर्द संपली. फिनिक्सने त्याचा ४२ क्रमांक सन्मानाने निवृत्त केला, १९९२ मध्ये त्याला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले आणि २०१७ मध्ये वयाच्या ७५ व्या वर्षी तो गेला.

शेवट गोड झाला, असे कोणी म्हणेल. त्यांना मी रॉजर ब्राउनची आठवण करून देतो. तोही ब्रुकलिनचाच, कॉनीचा समकालीन आणि तोडीस तोड. त्याच प्रकरणात, तशाच ओळखीपायी, डेटन विद्यापीठातून तो बाहेर पडला आणि डेटनमध्येच कारखान्यात काम करू लागला. पुढे इंडियाना पेसर्सकडून एबीएची तीन अजिंक्यपदे त्याने जिंकली. एनबीएमध्ये मात्र तो एकही सामना खेळला नाही. १९९७ मध्ये त्याचे निधन झाले आणि हॉल ऑफ फेमने त्याला २०१३ मध्ये गौरवले. टाळ्या ऐकायला तो नव्हता.

मी एकांगी बोलू इच्छित नाही. १९६१ चे प्रकरण काल्पनिक नव्हते. कित्येक खेळाडूंनी खरोखरच पैसे घेतले होते आणि मोलिनासला १९६३ मध्ये शिक्षा झाली. खेळ स्वच्छ ठेवणे हे संघटनेचे कर्तव्यच होते. तिची चूक कठोरपणाची नव्हती. दोषी, संशयित आणि केवळ ओळखीचा, या तिघांना तिने एकाच टोपलीत टाकले, ही तिची चूक होती. संस्था घाबरली की तिला सत्यापेक्षा स्वतःचे नाव प्यारे होते, आणि ते वाचवण्यासाठी सर्वांत निराधार माणूस बाहेर काढणे सर्वांत सोपे असते. बड्या घरचा मुलगा वकील घेऊन येतो. गरिबाचा मुलगा मुकाट्याने ट्रंक उचलून घरी जातो.

हे मी दुसऱ्यांवर बोट रोखून सांगत नाही. नोकरीच्या काळात एका शाळेत असताना माझ्या संघातील एका मुलाच्या वयाच्या दाखल्याबद्दल तक्रार आली. आंतरशालेय स्पर्धा चार दिवसांवर होती. मी दाखल्याची शहानिशा केली नाही. शाळेचे नाव खराब होऊ नये म्हणून त्याला संघातून वगळले आणि तसे प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर जाहीरही केले. तीन महिन्यांनी नगरपालिकेकडून उत्तर आले : दाखला खरा होता. ते पत्र मी वाचले आणि फाइलला लावले. प्रार्थनेच्या वेळी काही जाहीर केले नाही. मुलगा त्यानंतर मैदानावर आला नाही आणि वर्ष संपताच शाळा सोडून गेला. त्याची क्षमा मागायला मला पंधरा वर्षे लागली. तो एवढेच म्हणाला, “सर, उत्तर आलं होतं हे मला आजच कळतंय.”

म्हणून या हीरक महोत्सवी वर्षात माझी संस्थेला तीन विनवण्या आहेत. पहिली, कोणत्याही विद्यार्थ्यावर आळ आला तर शिक्षा चौकशीच्या आधी नको, मग शाळेचे नाव कितीही पणाला लागो. दुसरी, चौकशीत मूल एकटे बसू नये. त्याच्या शेजारी त्याचे पालक किंवा त्याचा विश्वास असलेले एक शिक्षक असावेत. आणि तिसरी, जी मला स्वतःला महागात पडलेल्या धड्यातून सुचली आहे : आळ जिथे उच्चारला गेला, तिथेच, तितक्याच मोठ्या आवाजात, निर्दोषपणाही उच्चारला जावा. प्रार्थनेच्या वेळी नाव घेतले असेल, तर प्रार्थनेच्या वेळीच ते धुऊन द्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक सांगतो. गोड बोलून पैसे पुढे करणारा मोलिनास प्रत्येक पिढीत असतो. अडचण आली तर आधी घरी आणि शाळेत सांगा. आणि वर्गातल्या एखाद्याबद्दल काही कानावर आले, तर ते पुढच्याला सांगण्याआधी क्षणभर कॉनी हॉकिन्सला आठवा. दोनशे डॉलर केव्हाच परत गेले होते. आठ वर्षे मात्र कोणालाच परत देता आली नाहीत.

आपल्या शाळेची शताब्दी पाहण्याचे भाग्य तुम्हा मुलांना लाभो, एवढीच प्रार्थना करून रजा घेतो. नमस्कार.