बर्ड फ्लूचं प्रोटीन कुपीत मिळतं, मग घाबरायचं का?

कामठीहून मी पुन्हा तुमच्या कानात. हेडफोन नीट लावा, आज एका श्रोत्याचा प्रश्न घेतोय. तो विचारतो, "भाऊ, लॅबसाठी बर्ड फ्लूच्या विषाणूचं प्रोटीन विकत मिळतं म्हणे. ते निसटलं तर?"

आधी उत्तर देतो. निसटलं तरी त्यातून बर्ड फ्लू पसरणार नाही. काहून, ते आता बघू.

प्रश्नामागची भीती मात्र खोटी नाही. मार्च २०२४ मध्ये नागपुरात सेमिनरी हिल्सच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात बर्ड फ्लू सापडला. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि जानेवारीत कळलं, एच५एन१. म्हणजे हा विषय आपल्या दारातलाच.

आता यातला 'एच' म्हणजे काय? हीमॅग्लुटिनिन. विषाणूच्या अंगावर काट्यासारखं उभं असलेलं प्रोटीन. पेशीवरच्या एका साखरेला ते पकडतं आणि विषाणूला आत शिरायला वाट करून देतं. पक्ष्यांच्या पेशींवर या साखरेची जोडणी एका प्रकारची, माणसाच्या नाका-घशात बहुतेक दुसऱ्या प्रकारची. म्हणून बर्ड फ्लू माणसाला सहज होत नाही.

पण नुसता काटा म्हणजे विषाणू नव्हे. विषाणूला वाढायला त्याचा आरएनए लागतो, सगळी कृती त्यात लिहिलेली असते. लॅबवाले त्यातला फक्त काट्याचा जीन घेतात आणि तो कीटकाच्या किंवा माणसाच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींत घालतात. पेशी ते प्रोटीन बनवतात, मग ते गाळून शुद्ध करतात. यालाच रिकॉम्बिनंट प्रोटीन म्हणतात. कुपीत आरएनए नाही, त्यामुळे ते स्वतःची दुसरी प्रत काढूच शकत नाही.

हे काही परग्रहावरचं नाही बरं का. हिपॅटायटिस बीची लस घेतली असेल, तर असंच एक प्रोटीन तुमच्या दंडात गेलंय. तेही विषाणूच्या पृष्ठभागावरचंच, यीस्टमध्ये बनवलेलं.

अशा प्रोटीनसोबत मूळ विषाणूचं नाव दिलेलं असतं. एक नाव वाचून दाखवतो: ए/चिकन/इंडिया/एनआयव्ही३३४८७/२००६. म्हणजे ए प्रकारचा फ्लू, कोंबडीत सापडला, भारतात, पुण्याच्या एनआयव्हीचा नमुना, साल २००६. त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला देशातली पहिली साथ आली होती. जागतिक आरोग्य संघटनेने लस बनवण्यासाठी निवडून ठेवलेल्या विषाणूंच्या यादीत हे नाव आहे.

मग या काट्याचा उपयोग काय? प्लास्टिकच्या ९६ खड्ड्यांच्या ताटलीत हे प्रोटीन चिकटवतात, वर कोंबडीच्या रक्तातला द्रव टाकतात. त्या कोंबडीच्या शरीरात एच५विरुद्ध प्रतिपिंडं असतील तर ती चिकटतात, पुढच्या पायरीत रंग येतो. जिवंत विषाणू हाताळायची गरजच नाही.

पण मर्यादाही ऐका. प्रतिपिंडं तयार व्हायला काही दिवस लागतात. एच५एन१ कोंबडीला त्याआधीच मारू शकतो. म्हणून साथ ओळखायला पीसीआरच लागतो.

खरी गंमत लसीत आहे. आपल्याकडचं आतापर्यंतचं धोरण म्हणजे साथ सापडली की एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारायच्या, दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवायची. भरपाई मिळते, पण रिकाम्या शेडचा महिना कोण भरून देणार? मग लस का देत नाहीत? एक मोठी अडचण अशी: पूर्ण विषाणू मारून बनवलेली लस दिली, तर रक्त तपासून सांगता येत नाही की ही कोंबडी लस घेतलेली आहे की आजारी पडून गेलेली. लसीत फक्त 'एच' असेल तर प्रतिपिंडं फक्त 'एच'विरुद्ध. खरा संसर्ग झाला तर विषाणूच्या आतल्या प्रोटीनविरुद्धही सापडतात. फरक कळतो! फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस द्यायला सुरुवात केली, सोबत सतत तपासणीही ठेवली. आपल्याकडे हा रस्ता कधी निघाला, तर या छोट्या कुपीचं त्यात मोठं काम असेल.

तोवर आपलं काम सोपं आहे. एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या किंवा कावळे मेलेले दिसले तर हात लावू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. आणि सावजी चिकन खुशाल खा. ७० अंशाला नीट शिजलं की हा विषाणू मरतो आणि आपला रस्सा तर चांगला खदखदतो.

'प्रोटीन म्हणजेच विषाणू' असा मेसेज फिरत आला, तर हा भाग त्या ग्रुपवर टाका. प्रश्न पाठवत राहा. भेटू पुढच्या भागात!