पोलिसांचा प्रश्न आणि नागरिकाचें उत्तर

वेरूळ हें गांव जगाला ठाऊक आहे तें तेथील लेण्यांमुळें. चौतीस लेणीं, त्यांपैकीं अखंड खडकांतून कोरून काढलेलें कैलास, आणि गांवालगतचें घृष्णेश्वराचें ज्योतिर्लिंग ह्यांच्या दर्शनासाठीं बाराही महिने माणसांची रीघ लागलेली असते. महाशिवरात्र किंवा श्रावणांतले सोमवार आले म्हणजे खुलताबादकडून आणि कन्नडकडून येणारे रस्ते गर्दीनें भरून जातात. अशा दिवशीं वाटेवर पोलिस उभे असतात. ते गाडी थांबवितात आणि कोठून आलां, कोठें जाणार, पिशवींत काय आहे, असें विचारतात. बहुतेक यात्रेकरू उत्तर देऊन पुढें जातात आणि देवळाच्या पायऱ्या चढेपर्यंत तो प्रसंग विसरूनही जातात. परंतु एखाद्यास "जरा बाजूला उभे राहा" असें सांगण्यांत येतें, आणि त्याच्या मनांत एकदम गोंधळ उडतो. उत्तर दिलेंच पाहिजे काय? ठाण्यावर चला म्हटलें तर गेलेंच पाहिजे काय? घरीं कळवितां येईल काय? चांगल्या शिकलेल्या माणसासही ह्या प्रश्नांचीं उत्तरें पुष्कळदां ठाऊक नसतात. आणि ज्यास तीं ठाऊक नसतात तो एक तर उगाच भितो, नाहीं तर उगाच भांडतो. दोहोंतही नुकसान त्याचेंच होतें.

वेरूळच्या वाटेवर वाटसरूस हटकण्याची रीत आजची नव्हे. ह्या गांवची पाटिलकी एके काळीं भोसले घराण्याकडे होती. शिवाजी महाराजांचे आजे मालोजीराजे हे त्याच घराण्यांतले. जुन्या गांवगाड्यांत पाटील हाच गांवच्या शांततेचा जबाबदार, आणि चौकशीही चावडीवर त्याच्यापुढेंच होत असे. पुढें हा मुलूख निजामाच्या राज्यांत मोडूं लागला. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य भारतीय संघराज्याच्या अमलाखालीं आलें आणि २६ जानेवारी १९५० पासून वेरूळच्या शेतकऱ्यास व तेथें येणाऱ्या यात्रेकरूस एकच संविधान लागू झालें. चावडीवरील चौकशींत आणि आजच्या चौकशींत खरा फरक पडला तो येथें. पूर्वी विचारणाऱ्याच्या अधिकाराची सीमा त्याच्या स्वभावावर अवलंबून असे. आतां ती कायद्यानें आंखलेली आहे.

संविधानांतील तीन अनुच्छेद ह्या सीमेचा पाया होत. विसाव्यानें, आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करतां येत नाहीं. एकविसाव्यानें, कायद्यानें घालून दिलेल्या मार्गावांचून कोणाचेंही स्वातंत्र्य हिरावतां येत नाहीं. बाविसाव्यानें, अटकेचें कारण कळण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांच्या आंत दंडाधिकाऱ्यापुढें नेलें जाण्याचा हक्क मिळतो. ह्या पायावर प्रत्यक्ष कार्यपद्धतीचे नियम उभे आहेत. ते पूर्वी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आंकडे बदलले, कांहीं नवे नियम आले, पण येथें उपयोगी पडणारे बहुतेक नियम कायम राहिले.

हा सर्व विषय तीन पायऱ्यांत मांडतां येतो. पहिली पायरी विचारणेची, दुसरी बोलावण्याची, तिसरी अटकेची. प्रत्येक पायरीवर पोलिसांस कांहीं अधिकार आहे, आणि प्रत्येक पायरीवर त्या अधिकारास मर्यादा आहे. म्हणून थांबविलेल्या माणसानें प्रथम शांतपणें विचारावें तें एवढेंच, कीं ही विचारपूस आहे, चौकशीचें बोलावणें आहे, कीं अटक? ह्या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचें सर्व कांहीं ठरतें.

पहिल्या पायरीवर नागरिकाचीं कर्तव्यें आधीं सांगणें योग्य. वाहन चालविणाऱ्यानें गणवेशांतील पोलिस अधिकाऱ्यास परवाना दाखविलाच पाहिजे. तो आतां शासनमान्य डिजिटल स्वरूपांतही चालतो. बंदोबस्तावरील पोलिसांनीं दिलेली कायदेशीर सूचना पाळणें हें नव्या संहितेच्या १७२ व्या कलमानें बंधनकारक आहे. ती न पाळणारास पोलिस बाजूला नेऊं शकतात किंवा अडवून ठेवूं शकतात, मात्र त्यास दंडाधिकाऱ्यापुढें न्यावें लागतें, किंवा प्रकरण क्षुल्लक असल्यास चोवीस तासांच्या आंत सोडावें लागतें. पोलिसाच्या देखत किरकोळ, अदखलपात्र गुन्हा घडला आणि करणाऱ्यानें नांवगांव सांगण्याचें नाकारलें किंवा खोटें सांगितलें, तर तेवढ्यावरूनही त्यास पकडतां येतें. खरें नांव समजलें म्हणजे जातमुचलक्यावर त्याची सुटका व्हावयाची असते. तेव्हां नांव आणि पत्ता खरा सांगणें हाच शहाणपणाचा मार्ग होय. मात्र ओळखपत्र खिशांत नाहीं, एवढाच गुन्हा साध्या पायीं चालणाऱ्या नागरिकावर लादतां येत नाहीं; तें सदैव जवळ बाळगावें असा सर्वसाधारण कायदा नाहीं. झडतीचा प्रसंग आलाच तर स्त्रीची झडती स्त्रीनेंच, आणि तीही मर्यादा सांभाळून घेतली पाहिजे. नव्या संहितेनें झडतीचें व जप्तीचें ध्वनिचित्रमुद्रण करण्याचें बंधन पोलिसांवर घातलें आहे. जप्त वस्तूंची यादी करून तीवर साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या लागतात.

दुसरी पायरी अधिक नाजूक आहे. कारण तेथें मनुष्य आरोपी नसतो, पण मोकळाही नसतो. तपास करणाऱ्या अधिकाऱ्यास माहितगार माणसास बोलावतां येतें. परंतु तें लेखी आदेशानें. "साहेबांनीं बोलावलें आहे" हा तोंडी निरोप म्हणजे लेखी आदेश नव्हे. शिवाय १७९ व्या कलमान्वयें स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुलगे, साठ वर्षांवरील पुरुष, अपंग आणि तीव्र आजारानें ग्रासलेलीं माणसें ह्यांस त्यांच्या राहत्या जागेवांचून अन्यत्र हजर होण्याची सक्ती करतां येत नाहीं. त्यांचा जबाब घ्यावयाचा तर पोलिसांनींच त्यांच्या घरीं गेलें पाहिजे. विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें खरीं दिलीं पाहिजेत. परंतु ज्या उत्तरानें स्वतःवरच गुन्ह्याचा आरोप ओढवेल, तें देण्यास कोणीही बांधलेला नाहीं. आणि एक गोष्ट घरोघर माहीत असावी, ती ही कीं तपासांत पोलिसांनीं लिहून घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यावयाची नसते.

घरीं येऊन जबाब घ्यावा, हा नियम एवढा महत्त्वाचा कां, तें महाराष्ट्राच्याच इतिहासांत पाहावयास मिळतें. २६ मार्च १९७२ च्या रात्रीं, तेव्हांच्या चंद्रपूर आणि आतांच्या गडचिरोली जिल्ह्यांतील देसाईगंज येथें एक आदिवासी मुलगी आपल्या भावासह पोलिस ठाण्यांत आली. फिर्याद भावाचीच होती आणि जबाब देण्यासाठीं सर्वांस बोलावलें होतें. जबाब संपले, इतर मंडळी बाहेर पडलीं, आणि मुलीस मागें थांबविण्यांत आलें. ठाण्यांतच आपल्यावर अत्याचार झाला, असें तिनें सांगितलें. दोघां पोलिसांवर खटला झाला. १९७४ मध्यें सत्र न्यायालयानें त्यांस सोडलें, १९७६ मध्यें उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें दोषी ठरविलें, आणि सप्टेंबर १९७८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां निर्दोष सोडलें. मुलीनें प्रतिकार केल्याच्या खुणा अंगावर नाहींत, हा त्या निकालांतील एक प्रमुख आधार होता.

त्याच वर्षीं एप्रिलमध्यें, नंदिनी सत्पथी ह्यांच्या प्रकरणांत, स्त्रीस चौकशीसाठीं ठाण्यावर बोलावणें बेकायदेशीर आहे असें त्याच न्यायालयानें कडक शब्दांत सांगितलें होतें. सत्पथी ह्या ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री; देसाईगंजची मुलगी मजूर घरांतली. मुख्यमंत्रिपद भूषविलेल्या स्त्रीस जें संरक्षण मिळालें, तें ह्या मुलीच्या खटल्यांत कोणास आठवलें नाहीं. सप्टेंबर १९७९ मध्यें उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ह्या चौघां कायद्याच्या अध्यापकांनीं सरन्यायाधीशांस खुलें पत्र लिहून हा विरोध पुढें मांडला. त्यांतून देशभर चळवळ उठली, आणि १९८३ मध्यें कायदा बदलला. ताब्यांतील स्त्रीवर पोलिसानें केलेला अत्याचार हा वेगळा गंभीर गुन्हा ठरला. शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीनें आपली संमति नव्हती असें सांगितलें, तर न्यायालयानें तें खरें धरून चालावें असा नियम झाला. ह्या प्रकरणाचा धडा असा, कीं नियम कागदावर असून भागत नाहीं. ठाण्याच्या दारांतून आंत जाण्यापूर्वी तो सांगणारें कोणी तरी जवळ असावें लागतें.

तिसरी पायरी अटकेची. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करूं नये, अटकेची गरज काय तें अधिकाऱ्यानें लिहून ठेवावें, आणि गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यावी, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ मध्यें अर्नेश कुमार प्रकरणांत बजावलें आहे. अटक झालीच तर अधिकाऱ्याच्या अंगावर त्याचें नांव स्पष्ट वाचतां येईल असें असावें. अटकेचा पंचनामा जागच्या जागीं व्हावा, तीवर घरच्या माणसाची किंवा त्या वस्तींतील प्रतिष्ठित गृहस्थाची साक्ष असावी आणि अटक झालेल्याची सही असावी. त्यानें सांगितलेल्या नातलगास अथवा मित्रास अटकेची वार्ता कळविली पाहिजे. हे दंडक सर्वोच्च न्यायालयानें १८ डिसेंबर १९९६ रोजीं डी. के. बसू प्रकरणांत घालून दिले, आणि पुढें ते कायद्यांतच उतरले. अटकेचीं कारणें लेखी, आणि अटक झालेल्यास समजेल अशा भाषेंत दिलीं पाहिजेत, असा निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्यें मुंबईहून गेलेल्या एका अपिलांत झाला. मराठीवांचून दुसरी भाषा न येणाऱ्यास इंग्रजी कागद देऊन आतां भागणार नाहीं.

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीस अटक करतां येत नाहीं. अपवाद करावयाचा तर स्त्री पोलिस अधिकाऱ्यानें लेखी कारण देऊन दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी मिळविली पाहिजे. पत्रकार शीला बर्से ह्यांनीं मुंबईच्या कारागृहांतील स्त्रियांची हकीगत सर्वोच्च न्यायालयास पत्रानें कळविली. त्यावरून १९८३ मध्यें स्त्रियांसाठीं निराळ्या कोठड्या, त्यांवर स्त्री शिपाई, आणि स्त्री पोलिसांच्या उपस्थितींतच चौकशी, असे आदेश निघाले. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी व्हावयाची असते आणि तिच्या अहवालाची प्रत मागतां येते. चौकशी चालू असतां वकिलास भेटतां येतें, जरी तो सर्व वेळ शेजारीं बसूं शकत नसला तरी. पोलिसांपुढें दिलेली कबुली न्यायालयांत आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाहीं. आणि चोवीस तासांचें घड्याळ, प्रवासाचा वेळ वगळून, सुट्टीच्या दिवशींही थांबत नाहीं: शनिवारीं सायंकाळीं वेरूळच्या वाटेवर पकडलेल्या माणसास रविवारीं सायंकाळपर्यंत दंडाधिकाऱ्यापुढें उभें केलेंच पाहिजे.

ह्या हक्कांची खरी किंमत सुखवस्तु घरांस सहसा कळत नाहीं; ती भटक्या जमातींस कळते. १८७१ च्या इंग्रजी कायद्यानें कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या. त्यांच्या माणसांस हजेरी द्यावी लागे, परवानगीवांचून गांव सोडतां येत नसे. सोलापुरास त्यांच्यासाठीं तारेच्या कुंपणाची वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा रद्द झाला, परंतु संशय रद्द झाला नाहीं. मराठवाड्यांतीलच लक्ष्मण गायकवाड ह्यांच्या 'उचल्या' ह्या आत्मकथनास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या संशयाखालीं वाढलेल्या माणसाची ती हकीगत आहे. यात्रेच्या गर्दींत पाकीट हरवलें कीं पहिली नजर पालावरल्या पोराकडे वळते. कायदा मात्र संशयास सबळ कारण मागतो, आणि जात हें कारण नव्हे.

हक्क सांगावा कसा, हेंही महत्त्वाचें आहे. आवाज चढवूं नये, धक्काबुक्की तर मुळींच करूं नये. सरकारी कामांत अडथळा आणणें हा स्वतंत्र गुन्हा आहे. अधिकाऱ्याचें नांव, ठाणें, वेळ आणि जागा ध्यानांत ठेवावी व शक्य होतांच लिहून काढावी. कोऱ्या कागदावर सही करूं नये. कोणास पकडून नेलें असेल तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षांत चौकशी करावी. अटक झालेल्यांचीं नांवें तेथें लावावींत असा नियम आहे. वकिलाची ऐपत नसल्यास जिल्हा विधि सेवा प्राधिकरण फुकट वकील देतें. त्यासाठीं १५१०० हा दूरध्वनि क्रमांक आहे. स्त्रिया आणि ताब्यांतील व्यक्ती ह्यांस तर उत्पन्नाची अटही नाहीं. अन्याय झाला असेल तर पोलिस अधीक्षक, राज्य मानवी हक्क आयोग आणि पोलिस तक्रार प्राधिकरण ह्यांच्याकडे दाद मागतां येते. मनुष्य बेकायदा अडकवून ठेवला असेल, तर छत्रपति संभाजीनगरच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढें त्यास हजर करण्याचा अर्ज करतां येतो.

रात्रीं भर थंडींत नाक्यावर उभा असलेला शिपाई हाही नागरिकच आहे, आणि त्याच्या विचारपुशीमुळेंच पुष्कळ यात्रेकरू सुखरूप घरीं पोहोंचतात. त्यास त्याचा अधिकार निःशंक वापरतां यावा आणि नागरिकास आपली मर्यादा व हक्क दोन्ही ठाऊक असावेत, ह्यांत विरोध नाहीं. घरांतील वडील माणसांनीं हे नियम मुलांस, सुनांस आणि कामास येणाऱ्या बाईसही एकदां समजावून सांगावेत. त्यांतही शेवटचीस आधीं. कारण प्रसंग पडला तर तिच्या बाजूनें बोलणारें जवळ कोणी असेलच, असें नाहीं.