घरावरचं तांबं : लाभ किती, मोल किती



घर बांधताना आपण फरशीसाठी चार दुकानं हिंडतो, रंगाच्या छटा निवडायला आठवडा घालवतो. छपराची आठवण मात्र पहिली गळती लागली की होते. वास्तविक ऊन, पाऊस आणि वारा यांचा मारा सगळ्यात जास्त सोसतं ते छप्परच. या छपरासाठी शतकानुशतकं वापरल्या गेलेल्या एका धातूविषयी, तांब्याविषयी, आज बोलायचं आहे. तांब्याचं छप्पर घरमालकाला काय देतं, त्याच्याकडून काय घेतं, आणि आपल्याकडे त्याचा उपयोग कुठे करावा, ते पाहू या.

ही कल्पना नवी नाही. केरळातल्या अनेक देवळांच्या गाभाऱ्यांचं छप्पर तांब्याच्या पत्र्याने मढवलेलं असतं, आणि तिथला पाऊस आपल्या कोकणाइतकाच धुवाधार. डेन्मार्कमधल्या क्रोनबोर्ग किल्ल्याची हिरवी छपरं तांब्याचीच. राहत्या घरांचं उदाहरण हवं असेल, तर जपानकडे पाहावं. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोत प्रचंड आग लागली. शहर पुन्हा उभं राहिलं तेव्हा अनेक दुकानदारांनी आपल्या लाकडी घरांच्या दर्शनी बाजूला तांब्याचा पत्रा ठोकून घेतला. वर राहणं, खाली दुकान, आणि आगीपासून बचावासाठी बाहेरून तांबं, अशी ती घरं.

तांबं इतकं टिकतं कसं? लोखंड गंजतं तेव्हा गंजाचे पापुद्रे सुटतात, खालचं ताजं लोखंड उघडं पडतं आणि तेही गंजतं. तांब्याचं तसं होत नाही. नवा पत्रा लखलखीत असतो. काही महिन्यांत तो तपकिरी होतो, मग काळपट. पुढे हवेतला ओलावा, गंधकाची संयुगं किंवा समुद्रावरून येणारं मीठ यांच्याशी संयोग होऊन त्यावर हिरवट थर धरतो. हा थर घट्ट चिकटून बसतो आणि खालच्या धातूला झाकतो. समुद्रकाठी तो लवकर येतो. कोरड्या, स्वच्छ हवेत त्याला कित्येक दशकं लागतात.

या थराची ताकद न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावर दिसली. १८८६ मध्ये उभ्या राहिलेल्या या पुतळ्याचा पत्रा साधारण २.४ मिलिमीटर जाडीचा. खाऱ्या वाऱ्यात शंभर वर्षं उभा राहूनही त्यातला जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग झिजला होता. पण त्याच पुतळ्याने दुसराही धडा दिला. पत्र्याला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या लोखंडाच्या होत्या. दोन धातूंमध्ये घातलेलं अस्तर कुजलं, ओल शिरली, आणि लोखंड झपाट्याने गंजून फुगलं. १९८६ मध्ये पूर्ण झालेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या बसवाव्या लागल्या.

घर बांधणाऱ्याने हा धडा पक्का ध्यानात ठेवावा. ओलाव्यात तांब्याला लोखंड, जस्त किंवा ॲल्युमिनियम टेकलं, तर तांबं शाबूत राहतं आणि दुसरा धातू खाल्ला जातो. म्हणून तांब्याच्या पत्र्याला खिळे तांब्याचे, काशाचे किंवा स्टेनलेस स्टीलचेच हवेत. तांब्यावरून वाहिलेलं पाणी जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पन्हळीत पडलं, तरी पन्हळीला भोकं पडतात.

आता हिशेब करू. छपराला साधारण ०.६ मिलिमीटर जाडीचा पत्रा लागतो. त्याचं वजन चौरस मीटरला सुमारे ५.४ किलो. मंगलोरी कौलांच्या तुलनेत हा भार फारच थोडा, म्हणून वासे हलके चालतात. १०० चौरस मीटरच्या छपराला ५४० किलो तांबं लागेल. घड्या आणि कातरण धरून ६०० किलो म्हणा. किलोचा दर ९०० रुपये धरला, तरी नुसत्या धातूचे ५ लाख ४० हजार रुपये झाले. पत्र्याची घडणावळ, खालची फळी आणि कारागिराची मजुरी वेगळीच. तांब्याचा भाव जगाच्या बाजाराबरोबर खालीवर होतो, तेव्हा खरेदीच्या दिवशीचा दर विचारूनच आकडा मांडावा.

मजुरीही कमी नाही, कारण हे काम नाजूक आहे. उन्हाने तांबं पसरतं. पहाटेच्या थंडीपासून मे महिन्यातल्या भर दुपारपर्यंत पत्र्याच्या तापमानात ६० अंशांचा फरक पडला, तर १० मीटर लांबीचा पत्रा सुमारे १ सेंटिमीटर वाढतो. तो आरपार खिळ्यांनी जखडला, तर कधीतरी फाटणारच. म्हणून दोन पत्र्यांच्या कडा एकत्र उभ्या दुमडतात, आणि त्या घडीत अडकवलेल्या छोट्या पट्ट्या खाली ठोकतात. पत्र्याला भोक पडत नाही आणि हलायला जागाही राहते. पुण्याच्या तांबट आळीत तांबं ठोकून घडवणारे कसबी हात आहेत, पण त्यांची विद्या भांड्यांची. छपराच्या घडीचं काम जाणणारा कारागीर आपल्याकडे सहज सापडत नाही, आणि नवख्याच्या हातात महागडा पत्रा देणं हा सगळ्यात मोठा तोटा.

उष्णतेबद्दलही गैरसमज नको. तांबं उष्णता फार वेगाने वाहून नेतं. त्यामुळे खाली लाकडी फळी, उष्णतारोधक थर आणि हवा खेळायला पोकळी नसेल, तर घर तापेल आणि पावसात पत्रा वाजेल. वीज तांब्याकडे ओढली जाते असंही अनेकांना वाटतं. तसं नाही. मात्र छपराची जोडणी जमिनीत नीट उतरवलेली असली पाहिजे.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपले आंबा, सुपारी आणि द्राक्षं पिकवणारे शेतकरी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात. त्यातलं तांबं बुरशीला मारतं. छपरावर शेवाळ धरत नाही ते याच गुणामुळे. पण दर पावसात छपरावरून थोडं थोडं तांबं विरघळून पाण्याबरोबर खाली येतं. ओढ्यात, तळ्यात गेलं की ते शैवालाला, माशांच्या पिलांना बाधतं. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्तो शहराने याच कारणासाठी तांब्याच्या नव्या छपरांना मनाई केली. आपल्याकडे पागोळ्यांचं पाणी विहिरीत सोडायची किंवा टाकीत साठवायची पद्धत वाढते आहे. तांब्याच्या छपराचं पाणी पिण्यासाठी साठवू नये. ते मातीच्या चरात मुरू द्यावं. माती तांब्याचा बराच भाग धरून ठेवते.

निसर्गावरचा भार खाणीपासूनच सुरू होतो. खनिजात तांबं बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतं. म्हणजे आपल्या त्या ६०० किलोंच्या छपरासाठी निदान ६० टन दगड फोडावा लागला असता. पण एकदा काढलेलं तांबं कितीही वेळा वितळवून वापरता येतं. जुन्या पत्र्यालाही मोडीत चांगला भाव येतो. चोरांचा डोळा असतो तो त्यामुळेच.

मग करावं काय? माझं मत स्पष्ट आहे. पंधरा-वीस वर्षांत घर पाडून इमारत उभी करायची असेल, तर तांबं घालू नये. तो खर्च वसूल होणार नाही. नातवंडांपर्यंत टिकावं असं घर असेल, तरीही सगळं छप्पर मढवायची गरज नाही. कौलारू घर गळतं ते बहुतेक ठराविक जागी : दोन पाखी आत मिळतात त्या खाचेत, आढ्यावर, भिंतीला छप्पर टेकतं तिथे. तेवढ्या जागी तांब्याचा पत्रा घातला, तर खर्च थोडक्यात भागतो, ओढ्यात जाणारं तांबंही कमी, आणि गळतीची कटकट दीर्घकाळ मिटते.

काम देण्यापूर्वी कंत्राटदाराला तीन प्रश्न विचारा. खिळे कोणत्या धातूचे? पत्र्याला पसरायला जागा कुठे ठेवली? आणि छपरावरचं पाणी शेवटी जाणार कुठे? तिन्हींची नीट उत्तरं मिळाली तरच विसार द्या.