दुधाची वही आणि पॉवर क्वेरी

गावातल्या दूध संकलन केंद्राचे 120 सभासद धरा. सकाळ-संध्याकाळचं माप आणि दहा दिवसांचं बिल, म्हणजे एक्सेलमध्ये 2,400 ओळी झाल्या. एकेकाचा फिल्टर लावून बेरजा करत बसलात तर रात्र सरेल!

एक्सेल 2016 पासून ‘डेटा’ टॅबमध्येच यासाठी पॉवर क्वेरी नावाची सोय असते. तक्ता तिच्यात घ्यायचा, ‘ग्रुप बाय’ दाबायचं, सभासद क्रमांकाचा रकाना निवडायचा आणि लिटरची ‘सम’ मागायची. 2,400 ओळींच्या 120 होतात. मूळ नोंदी जागच्या जागी राहतात. एखादं माप चुकलं असेल तर तिथे दुरुस्त करा आणि ‘रिफ्रेश’ दाबा.

गट नावावरून मात्र पाडू नका. ‘पाटील’ आणि पुढे चुकून एक स्पेस पडलेले ‘पाटील’ ही पॉवर क्वेरीच्या लेखी दोन माणसं. अशा वेळी आधी ‘ट्रिम’ करावं लागतं.

खरी गोम आहे फॅटमध्ये. सकाळी 8 लिटर दूध, फॅट 4. संध्याकाळी 2 लिटर, फॅट 5. ‘ॲव्हरेज’ मागितलं तर उत्तर येतं 4.5. पण दूध तर सकाळचंच जास्त! खरी सरासरी 4.2. म्हणून आधी नव्या रकान्यात लिटर गुणिले फॅट करा, मग गट पाडून त्या रकान्याची आणि लिटरची बेरीज घ्या आणि पहिलीला दुसरीने भागा.